मोठ्या भावाची बाजू
आज पिंपरीतल्या आमच्या चर्चच्या तरुण संघात बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा, येशूने सांगितलेला दाखला घेतला. त्यात वाट्याची संपत्ती उधळून परतलेल्या धाकट्या मुलाला बाप क्षमा करतो आणि मेजवानी देतो, तेव्हा मोठा भाऊ रागावून घरात यायला तयार होत नाही. बापाच्या क्षमेवर बोलायची मी तयारी केली होती, पण धाकट्या भावंडांना सांभाळून, घरचा स्वयंपाक उरकून येणारी नववीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, घरी राबणाऱ्या मोठ्या भावाला तर साधे करडूही मिळाले नाही, मग त्याचा राग चुकीचा कसा?" बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर आला, हे मी वाचून दाखवले, तो शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही, हेही सांगितले. इतकी वर्षे मी त्या भावाला घाईने दोषी ठरवत आले, याचे मला मनापासून वाईट वाटले. निघताना तिने विचारले, "पुढच्या शनिवारी भावंडांना सोबत आणू का?"