मेंदूमृत दात्याचा रकाना : टिश्यू टायपिंगचा रिपोर्ट द्यायला शिकताना

टिश्यू टायपिंग म्हणजे अवयव देणारा आणि घेणारा यांच्या पेशींवरच्या ओळखखुणा जुळतात का ते बघणं. ही टेस्ट लावता येणं वेगळं आणि तिचा रिपोर्ट देता येणं वेगळं. टेस्ट मी लवकर शिकले. रिपोर्ट देण्याच्या परवानगीसाठी लॉगबुकात, म्हणजे शिकताना केलेल्या कामांच्या नोंदवहीत, एक रकाना भरायचा होता, त्याने मात्र इतकं छळलं की आजही आठवलं की चीड येते. खान्देशात राहून या कामात येऊ पाहणाऱ्यांना आधीच माहीत असावं म्हणून लिहितेय.

मी जळगावच्या एका लॅबमध्ये काम करते. लॅबने एचएलए टायपिंग (पेशींवरच्या त्या खुणांनाच एचएलए म्हणतात) सुरू करायचं ठरवलं आणि आम्हाला तयार करण्याची जबाबदारी मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने घेतली. तिथे राहून शिकलो तो भाग चांगला झाला. परत आल्यावर लॉगबुक सुरू झालं. आमच्याकडे रिपोर्टवर शेवटची सही पॅथॉलॉजिस्ट मॅडमची असते. तिच्याआधी ‘निकाल तपासला, रिपोर्ट देण्यास योग्य’ अशी सही करणारा माणूस लागतो. ती सही करायची तर लॉगबुकाचे सगळे रकाने भरून त्या प्रयोगशाळेने मंजूर करावे लागतात.

जिवंत दात्यांचे रकाने भराभर भरले. आई मुलाला किडनी देते, बहीण भावाला देते, असे नमुने येतच असतात. पारोळ्याकडच्या एक आजी काउंटरवर मला विचारायच्या, “ताई, भाऊनी किडनी भाऊले जुळी ना?” सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धं जुळण्याची ५० टक्के आणि काहीच न जुळण्याची २५ टक्के, हे त्यांना समजेल असं सांगायला मी इथेच शिकले. आईकडून या खुणांचा एक संच, वडिलांकडून एक संच, असं सांगितलं की घरातल्या मोठ्यांना लगेच कळतं. आणखी एक, आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं. अशा जोडप्यात बायको दाता असेल आणि तिचा एक संच नवऱ्याशी जुळला तर नमुन्यांची अदलाबदल झाली म्हणून घाबरू नका. आधी घरचं नातं नीट विचारा.

रिपोर्ट म्हणजे नेमकं काय, हे एका उदाहरणाने सांगते. कमी बारकाईच्या टेस्टमध्ये एचएलएच्या बी या जनुकाचा प्रकार ‘बी*४०’ एवढाच दिसतो. पण बी*४०:०१ म्हणजे पेशीवर बी६० ही खूण आणि बी*४०:०६ म्हणजे बी६१, आणि हा ४०:०६ आपल्या भारतीय लोकांत बऱ्यापैकी सापडतो. रुग्णाच्या रक्तात बी६० विरुद्ध अँटीबॉडी असेल तर दाता यांपैकी कोणता, यावर पुढचं सगळं ठरतं. सॉफ्टवेअर ‘बी४०’ छापून मोकळं होतं. तेवढ्यावर रिपोर्ट सोडायचा की पुढची टेस्ट लावायची, हे माणसाने ठरवायचं असतं. १९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी दाखवलं की क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तातल्या अँटीबॉडी दात्याच्या पेशींवर उठतात का, ही टेस्ट) पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० किडन्यांपैकी २४ लगेच निकामी झाल्या, निगेटिव्ह असताना १९५ पैकी फक्त ८. हे आकडे मी टेबलासमोर चिकटवून ठेवले आहेत.

आता तो रकाना. ‘मेंदूमृत दाता, तातडीचे टायपिंग, रात्रपाळी, देखरेखीखाली.’ मेंदूमृत म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, पण हृदय अजून चालू असलेला. लॉगबुक ज्यांनी बनवलं त्यांच्या शहरात असे दाते येतात, त्यामुळे तिथल्या मुलांचा हा रकाना आपोआप भरतो. आमच्याकडे कुठून भरणार? मेंदूमृत्यू ओळखायला अतिदक्षता विभाग हवा, डॉक्टरांचं मंडळ हवं, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी हवी, मेंदूमृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म १० हवा आणि मग नातेवाइकांची संमती हवी. हे सगळं आपल्या भागात क्वचित जुळून येतं. मी बाकीचं लॉगबुक पूर्ण करून पाठवलं. ‘रकाना अपूर्ण’ असा शेरा मारून ते परत आलं. फोन केला, तर प्रशिक्षण कार्यालयातून उत्तर मिळालं, “थांबा, येईल की एखादी केस.”

हे वाक्य मला अजून टोचतं. कसली वाट बघायला सांगत होते? कुणाचा तरी मुलगा हायवेवर पडण्याची?

आणि एकदा तशी वेळ आलीच. अपघातातला तरुण होता. पहिली तपासणी झाली होती, घरच्यांशी बोलणं सुरू होतं. मॅडमचा फोन आला, तयारीत राहा. मी लॅब उघडली, किट बाहेर काढलं, मशीन लावून बसले. दुसऱ्या तपासणीच्या आधीच त्याचं हृदय थांबलं. मी किट परत फ्रीजमध्ये ठेवलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो रकान्याचा. त्या घरात माणूस गेला होता. तो विचार माझ्या डोक्यात आणून बसवला या फॉर्मने, आणि म्हणून मी या फॉर्मवर चिडते. शिकणाऱ्या माणसाला कुणाच्या मरणाची वाट पाहायला लावणारं प्रशिक्षण चुकीचं आहे, आणि हे मी त्यांनाही लिहून कळवलं.

मार्ग मॅडमनीच काढला. त्या म्हणाल्या, “रकान्याचा उद्देश काय? रात्री, एकटीने, घाईत, नीट रिपोर्ट देता येतो का हे बघणं. मग जुना नमुना द्या आणि बघा.” त्यांनी तसं पत्र लिहिलं. कार्यालयाने ते दाबून ठेवलं, मग ‘अशी तरतूद नाही’ म्हणून परत पाठवलं. मॅडमनी मग कार्यालय सोडून थेट तिथल्या विभागप्रमुखांना फोन केला, आणि त्यांना हे लगेच पटलं. आधीच केलं असतं तर, असं वाटून मला त्या रात्री झोप लागली नाही.

ठरलं असं : ओळख झाकलेला साठवणीतला नमुना ते पाठवणार, रात्री फोन करून सुरुवात सांगणार, आणि मी खऱ्या दात्यासारखं सगळं करून फोनवर निकाल कळवणार. घड्याळ चालू. हृदय बाहेर काढल्यावर साधारण चार तासांत बसवावं लागतं, किडनी त्याहून बराच जास्त वेळ टिकते, पण टायपिंगवाला उशिरा उठला तर सगळेच खोळंबतात.

त्या नमुन्यात डीआरबी१ या एचएलएच्याच दुसऱ्या जनुकाला फक्त डीआर४ हा प्रकार दिसत होता. म्हणजे आई-वडील दोघांकडून डीआर४ आलं असावं, असं सॉफ्टवेअरचं म्हणणं. पण डीआर४ सोबत डीआर५३ असतं, आणि इथे त्याच्या जोडीला डीआर५२ सुद्धा पॉझिटिव्ह होतं. डीआर५२ येतं ते डीआर३, ११, १२, १३, १४ यांच्याबरोबर. शेजारच्या डीक्यू जनुकाचे प्रकारसुद्धा दोन दिसत होते. म्हणजे दुसरं डीआर तिथे आहे, किटने ते पकडलं नाही. मी फोनवर सांगितलं, “डीआर सोडून बाकी निकाल देते. डीआर दुसऱ्या किटने लावतेय, तोवर रिपोर्ट थांबवा.” पलीकडून फक्त “ठीक” आलं. दुसऱ्या किटवर डीआर१२ स्पष्ट उमटलं. सकाळी विभागप्रमुखांचा फोन आला, तो नमुना मुद्दाम निवडलेला होता. मला त्या दिवशी जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही. रकान्यावर सही झाली.

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा सांगते. क्रॉसमॅचची ट्यूब बर्फात पाठवू देऊ नका आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात गाडीतही राहू देऊ नका, पेशी जिवंत लागतात. डीएनएचा नमुना एवढा नाजूक नसतो. फोनवर निकाल सांगितला की समोरच्याकडून तो परत वाचून घ्या. ‘एन’ शेपटीची अलील, म्हणजे जनुकाचे प्रकार, शिका : ए*२४:०९एन असेल तर जनुक आहे पण पेशीवर ए२४ नाही, तो नुसता ‘ए२४’ लिहिला तर रिपोर्ट चुकला. एचएलएचा आंतरराष्ट्रीय डेटाबेस दर तीन महिन्यांनी बदलतो, कोणत्या आवृत्तीवरून वाचलं ते रिपोर्टवर लिहा. जिवंत दात्याच्या नात्याचा दाखला फॉर्म ५ वर जातो, त्यावरचं नाव आणि ट्यूबवरचं नाव अक्षरशः जुळवा. आपल्याकडे आधारवर एक आडनाव आणि रेशनकार्डावर दुसरं, हे नेहमीचं आहे.

आणि लॉगबुक हातात पडल्या दिवशीच, रकाने भरायला घेण्याआधी, विभागप्रमुखांच्या नावे एक पत्र द्या. कार्यालयाला फक्त प्रत. त्यात एवढंच लिहा : ‘आमच्या भागात मेंदूमृत दात्याचे नमुने नियमित येत नाहीत. त्या रकान्यासाठी ओळख झाकलेल्या साठवणीतल्या नमुन्यावर, रात्री, वेळ लावून चाचणी घ्यावी. उत्तर लेखी मिळावे.’ पोच घ्या, आणि तिची झेरॉक्स लॉगबुकाच्या पहिल्या पानाला टाचून ठेवा.