ओल असेपर्यंत

मयेहून पणजीला कामावर जाताना मी चोडणची फेरीबोट धरते. चोडण ते रायबंदर, मांडवीवरची दहाएक मिनिटं. दिवसभरात माझ्या मनावर कुणाचाच हक्क नसतो अशी तेवढीच वेळ.

कला महाविद्यालयातल्या आम्ही काही मैत्रिणींनी मिळून प्रदर्शन करायचं ठरवलं. विषय होता मनोराज्य. मी लगेच कामाला लागले आणि दोन महिन्यांत सात कॅनव्हास रंगवले: उघडा पिंजरा, ढगांत चढणारा जिना, पंख फुटलेली मुलगी. सगळे एका रांगेत लावले आणि पोटात खड्डा पडला. यातलं एकही स्वप्न मी कधी पाहिलं नव्हतं.

मग फेरीत वही घेऊन बसू लागले. मन जिथे जाई ते, कसंही असो, तसंच लिहायचं. पंधरा दिवसांनी वाचलं तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली होती. फेरीबोट रायबंदरला लागतच नाही. पणजी मागे पडते, मिरामार, आग्वाद मागे पडतं, आणि स्कूटरींसकट आम्ही सगळे समुद्रात. कुणी तक्रार करत नाही. मासळीवाली पाटी उघडून बांगडे वाटायला घेते.

या माणसांचे चेहरे कुठले, तेही मग आठवलं. लहानपणी बाबा कला अकादमीत मराठी नाटकाला न्यायचे. तिथल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी सज्जांत बसलेले प्रेक्षक रंगवले आहेत. नाटक सोडून मी त्यांच्याकडेच बघत बसायची, ते आपसांत काय कुजबुजत असतील ते ठरवत. आज इतक्या वर्षांनी ते माझ्या बोटीत चढले होते.

हे तैलरंगात उतरेना. उतरलं ते कावीत. आपल्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या वेलबुट्ट्या असतात, ती कावी. जुने कारागीर शिंपल्या भाजून चुना करत, त्यात नदीची वाळू आणि गूळ घालून पंधरवडाभर मुरवत, मग कुटत. त्या गिलाव्यावर जांभ्याच्या तांबड्या रंगाचा पातळ थर द्यायचा, आणि ओल असेपर्यंत दाभणाने तो कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. शेवटी नदीतल्या गोट्याने घोटायचं.

गावातल्या एका म्हाताऱ्या गवंडीमामांनी मला थापी धरायला शिकवलं. फळीवर बारीक तारेची जाळी ठोकून मेमध्ये पहिले चार गिलावे केले. चारही तडकले. वरचा थर उन्हाने आधी सुकायचा, आतला ओला राहायचा. मामा म्हणाले, "पोरी, घाई चुन्याला सोसत नाही. पाऊस लागू दे."

जूनमध्ये पुन्हा सुरुवात केली. दमट हवेत, वर ओलं गोणपाट टाकलं की गिलावा रात्रीपर्यंत कोरता येई. मला सगळ्यात आवडलं ते हे, की इथे काही रंगवायचंच नसतं. वरचं काढायचं, आतलं दिसतं. पण एकदा दाभण फिरलं की रेघ पुसता येत नाही. मासळीवालीचा हात लांब झाला, तो लांबच राहिला. आता मला तोच बरोबर वाटतो, साऱ्या बोटीला पुरेल एवढा.

समुद्र मी कोरलाच नाही. पूर्ण तांबडा ठेवला. पलीकडचा काठ काढायचं मनात होतं, पण तिथवर पोचेतो चुना घट्ट झाला आणि दाभणाखाली भुगा पडायला लागला. मी हात थांबवला. वहीतही तो काठ कुठे नव्हता.

गणपतीची चवथ झाल्यावर तीन फळ्या चादरींत गुंडाळून पणजीला न्यायला निघाले. एकेक उचलायला दोन माणसं लागत. फेरीवरच्या खलाशाने त्या पुढे ठेवू दिल्या नाहीत. बोटीचा उतरायचा फळका धक्क्यावर आपटला की हादरा बसतो, म्हणाला. मधोमध बाकाला टेकवून, रायबंदर येईपर्यंत तो स्वतः त्यांना हात लावून उभा राहिला.