पाणी पेटतं का, टीचर?

हायड्रोकार्बनचा धडा आमच्याकडे दिवाळीनंतर येतो. गेल्या वर्षी तो जुलैतच आला, तोही मिनरल वॉटरच्या बाटलीतून.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका उच्च माध्यमिक विद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्या आठवड्यात पावसानं वाळपईला नुसतं झोडपलं होतं. पहिल्या तासाला बाकं रिकामी. मुलं एकेक करून भिजून आली आणि जवळजवळ प्रत्येकाचं रडगाणं तेच: बाबांची गाडी वाटेत बंद पडली. शेवटी आलेल्या मुलानं दप्तरातून बाटली काढली. मेकॅनिकनं स्कूटरच्या टाकीतून काढलेलं पेट्रोल. प्लास्टिकच्या बाटलीतून पेट्रोल आणल्याबद्दल आधी त्याला फैलावर घेतलं, मग बाटली खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

आत सरळ दोन थर दिसत होते. वरचा नारिंगी झाक असलेला. खालचा पाण्यासारखा, आणि चांगला तीन बोटं जाड. तोवर व्हॉट्सअॅपवर व्हिडिओही फिरायला लागला होता, ‘पेट्रोलात अर्धं पाणी’ म्हणून. वर्गाचा निकाल लागलेलाच होता: पंपवाल्यानं पाणी घातलं.

मी सगळ्यांना प्रयोगशाळेत नेलं. पिपेटनं खालच्या थरातले थोडे थेंब चिनी मातीच्या बशीत घेतले, बाटली दूर ठेवायला लावली, आणि काडी लावली. पेटलं. निळसर ज्योत, उजेडात धड दिसेना, कडेला जराशी पिवळी.

“पाणी पेटतं का, टीचर?” कोणीतरी विचारलं.

उत्तर मी देण्याआधी मागच्या बाकावरून आलं. त्या मुलाच्या घरची काजूची दारू गाळायची भाटी आहे. तो म्हणाला, “हुर्राक पेटत नाही, फेणी पेटते. हे फेणीसारखं पेटलं.” सगळे हसले, पण पोरगं अगदी बरोबर बोललं होतं. हुर्राक म्हणजे काजूरसाचं पहिलं गाळप, त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के, फेणीत ४२ च्या आसपास. ज्योत विझल्यावर बशीत थोडं पाणी उरलं होतं. त्यावर निर्जल कॉपर सल्फेटची पांढरी भुकटी टाकली, ती निळी झाली. म्हणजे पाणी होतंच, पण एकटं नव्हतं.

वरच्या थराचे दोन थेंब पेटवले तर पिवळी, धुरकट ज्योत आणि वर धरलेल्या टाइलवर काजळी. पेट्रोलातल्या टोल्युइनसारख्या अॅरोमॅटिक, म्हणजे बेंझीनचं कडं असलेल्या, संयुगांत हायड्रोजनच्या मानाने कार्बन जास्त असतो, तो सगळा जळत नाही.

पेट्रोल म्हणजे काय असं विचारलं की मुलं ठरलेलं उत्तर देतात, ऑक्टेन. खरं तर ते साधारण ४ ते १२ कार्बनच्या शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यात कार्बन आणि हायड्रोजनच, त्यामुळे पाण्याशी त्याचं जमत नाही. पण आजच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, फेणीतलंच अल्कोहोल. देशात १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला, २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. इथेनॉलचे दोन्ही डगरींवर हात. दोन कार्बनची शेपटी पेट्रोलात विरघळते आणि ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतो.

हे फळ्यावर लिहून भागलं असतं, पण पोरं तापलेली होती. एका सहकाऱ्याच्या गाडीतलं चांगलं पेट्रोल मागून आणलं आणि परीक्षानळीत ड्रॉपरनं पाणी सोडायला लावलं. पहिला थेंब हलवल्यावर नाहीसा झाला. मग कधीतरी नळी एकदम धुरकट झाली, जरा वेळानं तळाशी थर बसला. पाणी एका मर्यादेपर्यंतच सामावतं, ती ओलांडली की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडून पाण्याबरोबर खाली उतरतं. मग मोजपात्रात ९० मि.ली. पेट्रोल आणि १० मि.ली. पाणी घेऊन, हलवून ठेवलं. खालचा थर १० वर राहिला नाही, २५ च्या पुढे गेला. वाढलेला भाग इथेनॉलचा. ‘अर्धं पाणी’वाला व्हिडिओ मग कोणी पुढे पाठवला नाही. निदान आमच्या वर्गातून तरी.

संध्याकाळी बाटली आणणाऱ्या मुलाचे बाबा मला घेऊनच पंपावर गेले. तिथे गर्दी, आरडाओरडा. “हें पेट्रोल न्हय, उदक!” असं म्हणत एकजण हवा भरणाऱ्या पोरावर धावून जात होता. ज्याचा काडीचा संबंध नाही तोच नेहमी समोर असतो. मॅनेजरनं विक्री थांबवली होती. डिप रॉडच्या टोकाला पाणी शोधायची पेस्ट लावून तो जमिनीखालच्या टाकीत सोडला. बाहेर काढला तेव्हा टोकाकडची पेस्ट रंग बदलून आली होती. टाकीच्या तोंडावरच्या चेंबरमध्ये पाणी साचून झाकणातून आत झिरपलं होतं. पूर्वीच्या निव्वळ पेट्रोलात असं पाणी तळाशी निमूट पडून राहायचं, ओढणाऱ्या पाइपचं तोंड त्याच्या वर असायचं. आता तळाचा थर इथेनॉल घेऊन फुगतो आणि त्या तोंडापर्यंत पोचतो. स्कूटरच्या टाकीतही पेट्रोल खालूनच ओढलं जातं, म्हणून गाडी आधी तो थर पिते आणि बंद पडते.

मी हे जमेल तसं सांगितलं. कोणी मुद्दाम पाणी ओतलेलं नाही, पण झाकण घट्ट ठेवणं, पावसाळ्यात रोज तपासणं हे पंपाचंच काम. मॅनेजरला पहिलं वाक्य आवडलं, दुसरं नाही. बाबा म्हणाले, “टीचर, पाणी थोडं असू दे की जास्त, कार्बुरेटर साफ करायचे पैसे माझेच ना गेले?” यावर रसायनशास्त्राकडे उत्तर नव्हतं. पैसे पंपानंच द्यायला हवेत असं मी तिथेच मोठ्यानं म्हटलं, आणि बिलं घेऊन ठेवायला मॅनेजर कबूल झाला.

निघताना बाबांनी हळूच विचारलं, मेकॅनिक म्हणतो खालचं ओतून टाकू आणि वरचं परत घालू, चालेल? नको म्हटलं. इथेनॉल निघून गेलं की ऑक्टेन क्रमांक, म्हणजे अवेळी पेटून इंजिनात ठोके पडू न देण्याची पेट्रोलची ताकद, खाली येतो. त्यात रेणूची घडण फार महत्त्वाची: सरळ साखळीच्या ऑक्टेनचा क्रमांक शून्याच्याही खाली, आणि तेवढेच अणू फाट्यांनी जोडलेल्या आयसोऑक्टेनचा बरोबर १००. इथेनॉल त्या बाबतीत पेट्रोलची बाजू राखून धरतं, आणि तेच तुमच्या बाटलीत तळाला बसलंय.

“मग काजूच्या बागेत ग्रास कटरला?”

त्यालाही नको म्हटलं. बाटली पंपावरच परत द्या, नाल्यात ओतू नका, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं, जुलैत हायड्रोकार्बन कसे सुरू झाले? मी त्यांना मोजपात्र दाखवलं.