आईचं दार

आज शेजारच्या आजींचं गॅरेज आवरताना बुटांच्या खोक्यात एक गंजलेला बिल्ला सापडला. त्यावर लिहिलेलं, ‘सहाला नाही’. मी विचारलं, सहा म्हणजे काय?

आजी तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

१९७८ साली इथे कॅलिफोर्नियात प्रस्ताव ६ मतदानाला आला होता. सरकारी शाळांमधल्या समलिंगी शिक्षकांना कामावरून काढण्यासाठी. नुसती त्यांची जाहीर बाजू घेतली तरी नोकरी जाऊ शकली असती. आजी तेव्हा चौथीला शिकवायच्या.

सॅन फ्रान्सिस्कोचे उघडपणे समलिंगी असलेले नगरसेवक हार्वी मिल्क सांगत होते, लपू नका, घरच्यांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा. आजी शाळा सुटली की दारोदार जायच्या. “अनोळखी दारं सोपी होती गं. आईच्या दारापाशी पोचायला तीन आठवडे लागले.”

७ नोव्हेंबरला प्रस्ताव पडला. ५८ टक्क्यांहून जास्त मतं विरोधात. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, परंपरावादी रोनाल्ड रेगनसुद्धा विरोधात बोलले होते! आणि वीसच दिवसांनी मिल्क यांचा खून झाला.

पुढे २००८ मध्ये प्रस्ताव ८ ने समलिंगी लग्नावर बंदी आणली. कोर्टांनी ती उठवली, तरी ते शब्द कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतून काढायला २०२४ मध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं. तेव्हा मीही मत दिलं होतं. घरी बसून, शाईने गोल भरून, पाच सेकंदांत.

आजींची आई काय म्हणाली, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बिल्ला पुसून त्यांच्या हातात दिला फक्त.

विचारायला हवं होतं का?