केंटकीतला गहू, राय आणि थापा

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बार्ड्सटाउनच्या एका बारमध्ये पंधरा वर्षं मुरलेल्या पॅपी व्हॅन विंकल या बर्बनचे, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीचे, ९० डॉलर उकळले. ग्लासात आली १५ मिली. तिरका केला की एका कडेला गोळा होईल एवढीच. वर बारटेंडरचं पुराण, की ही खुद्द पॅपींच्या भट्टीतली! निघण्याआधी एवढा हिशेब पाठ करून ठेवा: बाटलीला ज्यांचं नाव आहे ते पॅपी १९६५ साली गेले. शाइव्हलीतली त्यांची स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी १९९२ मध्ये बंद पडली. मग आज दुकानात येणारी पंधरा वर्षांची बाटली तिथली कशी असेल? ती निघते फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेसमधून, आणि तिथलीच वेलर नावाची बर्बन गव्हाच्या त्याच मिश्रणाची. फरक मुरण्याच्या वर्षांचा आणि पिंपांच्या निवडीचा. तो कळतो, पण नव्वद डॉलरचा नक्कीच नाही. ऑर्डर देण्याआधी पेग किती मिलीचा हे तोंडावर विचारा.

वेलर म्हणजे गव्हाच्या बर्बनचा मूळ पुरुष, हेही ऐकवतील. पण विल्यम लारू वेलर हा लुइव्हिलचा घाऊक व्यापारी होता. गव्हाची रेसिपी स्टिट्झेल घराण्याकडून आली.

बर्बनमध्ये कायद्यानं निदान ५१ टक्के मका लागतो. थोडं बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) असतं, आणि उरलेल्या जागेत बहुतेक जण राय हे गव्हासारखं धान्य घालतात, मोजके गहू. राय जिभेला चावते. गहू मागे राहतो, म्हणून मक्याचा गोडवा आणि जाळलेल्या ओकच्या पिंपातला व्हॅनिला पुढे येतो.

लोरेटोच्या मेकर्स मार्क या गव्हाच्या बर्बनमध्ये ७० टक्के मका, १६ गहू, १४ माल्ट. तिथला किस्सा असा: ती सुरू करणाऱ्या बिल सॅम्युअल्सनी घराण्याची जुनी रेसिपी जाळून टाकली, सोबत पडदेही पेटले, मग वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजले आणि गव्हाचा आवडला म्हणून गहू ठरला. ऐकायला झकास. पण भाकरी खमंग झाली म्हणून ज्वारीची दारू फक्कड होईल, असंच हे झालं! शिवाय सॅम्युअल्सनी लोरेटोची डिस्टिलरी १९५३ मध्ये घेतली, आणि स्टिट्झेल-वेलर १९३५ पासून गहूच घालत होती. गाईडला हे विचारलं तर तो हसला आणि सगळ्यांना बाटल्यांच्या तोंडावरचं लाल मेण बघायला घेऊन गेला. बर्बन मात्र चांगली आहे, किस्सा कानाआड करून प्या.

लोरेटोहून बार्ड्सटाउनला परतायचा रस्ता म्हणजे डोक्याला ताप. अरुंद, वळणावळणाचा, कडेला गाडी घ्यायला जागा नाही, आणि आमच्या फोनची रेंज नेमकी तिथेच गेली. अंधार पडल्यावर समोरून एक पिकअप दिवे डोळ्यांवर मारत आला तेव्हा दिवसभराची उतरली. टूर सकाळची घ्या, नकाशा आधीच डाउनलोड करा, आणि एकानं घोटही घ्यायचा नाही. ‘नुसतं चाखलंय’ म्हणणाऱ्याच्या हातात किल्ली देऊ नका. उबर मिळेल या आशेवर राहू नका.



राय घातलेल्या बर्बनसाठी लॉरेन्सबर्गची फोर रोझेस डिस्टिलरी गाठा. अख्ख्या प्रवासात सरळ बोलणारी जागा हीच. दोन मिश्रणं, एकात २० टक्के राय, दुसऱ्यात ३५, पाच यीस्ट, मिळून दहा रेसिपी. त्यांच्या सिंगल बॅरलवर (एकाच पिंपातल्या बाटलीवर) ओबीएसव्ही हा रेसिपीचा कोड दिसला तर त्यातला बी म्हणजे ३५ टक्केवालं मिश्रण. हिची आणि मेकर्सची छोटी बाटली घेऊन खोलीवर शेजारी-शेजारी ओता. फोर रोझेस ५० टक्के अल्कोहोलची, मेकर्स ४५ची, तेव्हा पहिलीत थोडं पाणी घाला. नाहीतर जास्तीच्या अल्कोहोलची आग रायच्या नावावर जाते. गहू-राय कळायला एवढं पुरे. टेस्टिंगचं महागडं पॅकेज बिलकुल नको.

जीपीएसमध्ये लॉरेन्सबर्गपुढे केंटकी टाका. दुसरं लॉरेन्सबर्ग इंडियानात, सिनसिनाटीजवळ आहे. पणजोबांच्या रेसिपीचे गोडवे गाणाऱ्या कित्येक ब्रँडांची राय व्हिस्की तिथल्या एकाच कारखान्यात बनते, ९५ टक्के राय धान्याची. पुढच्या लेबलावर पणजोबांची मिशी असते. मागचं लेबल वाचा, राज्याचं नाव तिथे बारीक अक्षरात सापडतं.

भारतात नेणार असाल तर माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी नाही. त्यात मी एकही पॅपी नेली नाही.