नाताळची आंघोळ

ठाण्यात आमच्या तरण तलावावर सकाळी सहाच्या बॅचला जानेवारीत जेमतेम सात-आठ माणसे उरतात. त्यांतली निम्मी काठावर बसून, पाय पाण्यात सोडून, येऊरकडून येणाऱ्या गारठ्याला नावे ठेवतात आणि बाकीची "आज पाणी फारच गार आहे हो" असे म्हणत म्हणत एकदाची उतरतात. ते पाणी असते २२-२३ अंशांचे. मी काठावरच्यांपैकी. त्यामुळे गेल्या नाताळात डब्लिनला भाच्याकडे गेलो असताना मी तिथल्या समुद्रात उतरलो, हे आमच्या कंपूला आधी खरेच वाटेना.

डब्लिनच्या उपसागराच्या दक्षिण बाजूला सँडीकोव्ह नावाचे एक गाव आहे. तिथे नेपोलियनच्या स्वारीच्या धास्तीने इंग्रजांनी १८०४ च्या सुमारास बांधलेला एक गोल, बुटका दगडी बुरूज आहे आणि त्याच्या पायथ्याशी खडकांत 'फॉर्टी फूट' ही पोहण्याची जागा आहे. नावात चाळीस फूट असले तरी पाणी तेवढे खोल नाही, आणि नाव कशावरून पडले याबद्दल जितकी तोंडे तितक्या कथा. खडकात पायऱ्या आहेत, धरायला लोखंडी कठडे आहेत आणि ओहोटीतही पोहता येईल इतके पाणी असते. तिथे माणसे वर्षाचे बाराही महिने पोहतात. नाताळच्या सकाळी मात्र सांताक्लॉजच्या टोप्या घालून उड्या मारणाऱ्यांची जत्रा भरते.

त्या दिवशी तिकडे लोकलगाड्या पूर्ण बंद असतात, म्हणून आम्ही गाडीने गेलो आणि ती बरीच अलीकडे लावून चालत निघालो. वाटेत भाच्याने मला तीन-तीनदा बजावले, "मामा, उडी मारायची नाही. पायऱ्यांनी उतरायचं आणि दोन मिनिटांत बाहेर." रक्तदाबाची चौकशी त्याने आदल्या रात्रीच केली होती. हा त्याचा भित्रेपणा नव्हता. एकदम गार पाण्यात शिरले की छाती आपोआप मोठा श्वास ओढते, आणि त्या क्षणी डोके पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जाते. पहिले एक-दोन मिनिटे श्वास आणि नाडी दोन्ही उधळलेली असतात. ती ताळ्यावर येईपर्यंत पोहण्याचा हट्ट न धरता कठड्याला धरून राहायचे, एवढेच करायचे असते.

पाणी साधारण १० अंशांचे होते. गुडघ्यापर्यंत पाय नुसते दुखले, कमरेशी माझ्या तोंडून आवाजच फुटेना, आणि खांदे बुडाले तेव्हा लहानपणी आजीने तांब्या डोक्यावर उपडा केल्यावर निघायचे तसे "हर हर गंगे" मोठ्याने निघाले. शेजारी सत्तरीपुढच्या एक बाई आमच्याकडे कमळाच्या पानावर बेडूक बसावा तितक्या निवांतपणे पाण्यात होत्या. त्यांनी अर्थ विचारला. गार पाणी अंगावर घेताना आम्ही नदीचे नाव घेतो, असे मी दातांवर दात आपटत सांगितले. त्या म्हणाल्या, "या पायरीवर आम्हीही देवाचंच नाव घेतो, फक्त चर्चमध्ये चालणार नाही अशा सुरात."

त्या रोज येणाऱ्या. नाताळपुरत्या उगवणाऱ्या गर्दीबद्दल त्यांचे मत आणि मे महिन्यातल्या सुट्टीच्या बॅचबद्दल आमच्या कंपूचे मत यांत तसूभरही फरक नव्हता. त्यांच्या तरुणपणी ही जागा फक्त पुरुषांची होती आणि पुरुष तिथे खुशाल विवस्त्र पोहत. १९७४ मध्ये काही बायकांनी निषेध म्हणून तिथे पाण्यात उतरून तो रिवाज मोडायला सुरुवात केली. हे सांगताना बाईंचा स्वर पराक्रम सांगणाऱ्याचा नव्हता. पालिकेचा नळ उशिरा का होईना पण आला, असे सांगावे तसा होता.

दोन मिनिटांनी मी बाहेर आलो. परत आल्यापासून जो तो उतरण्याबद्दलच विचारतो, पण खरी फजिती उतरताना होत नाही, बाहेर आल्यावर होते. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब ओढून घेते. ती वाचवण्यासाठी शरीर हातापायांचे रक्त आत खेचते आणि बोटे परकी होतात. टॉवेल धरला आहे की नाही हे मला पाहून ठरवावे लागत होते. आणखी पाचेक मिनिटांनी, आता सारे आटोपले असे वाटत असताना, खरी हुडहुडी भरली, कारण बाहेर आल्यानंतरही आतला गारठा काही वेळ वाढतच जातो. त्यामुळे तिथले जाणकार आधी ओले कपडे बदलतात, टोपी घालतात आणि मग गप्पा मारतात. मी आधी गप्पा मारल्या.

भाच्याने आणलेला जाड कोट अंगावर चढवला, पण त्याची बटणे मोठी असूनही काजात जाईनात. एक बटण अर्धे आत गेले की अंगठा घसरायचा आणि ते परत बाहेर यायचे. बाईंनी हे पाहिले. काही न बोलता त्यांनी थर्मासचे झाकण चहाने अर्धेच भरून माझ्या दोन्ही तळव्यांमध्ये ठेवले. अर्धेच का, ते हात थरथरून चहा कोटावर सांडला तेव्हा कळले. चहा ठाण्यातल्या कुठल्याही टपरीवाल्याने परत घेतला असता इतका फिका होता, आणि मी तो दोनदा मागून घेतला. त्यानंतर सगळी बटणे लागली. भाच्याने समुद्र, बुरूज आणि मी असा फोटो काढला.

तोच फोटो मी मागच्या आठवड्यात तरण तलावाच्या काठावर सर्वांना दाखवला. आमच्या बॅचचे वकीलसाहेब चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मला वाटले, ते लाटा पाहत आहेत. "अहो," ते शेवटी म्हणाले, "पहिलंच बटण दुसऱ्या काजात गेलंय. खालपर्यंत सगळी चुकलीत."