तुम्ही विचारलंत म्हणून: पोटात बाळ असताना ते मशीन कशाला?

"गरोदर बाई दमणारच, घोरणारच. त्यासाठी नाकावर मास्क लावून झोपायचं?" इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच लिहून टाकते.

घोरण्यासाठी नव्हतंच ते मशीन, म्हणजे सीपॅप. मला स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत माझा घसा मिटायचा. छाती वरखाली होत राहायची, पण दहा-दहा सेकंद हवा आत जायची नाही. ऑक्सिजन उतरला की मेंदू दचकवून उठवायचा, आणि सकाळी मला यातलं काही आठवायचं नाही. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीत, हे तासाला 22 वेळा निघालं. 15 ते 30 म्हणजे मध्यम. गरोदरपणात नाक आतून सुजतं, पोट छातीचा पडदा वर ढकलतं, त्यामुळे श्वास अडला की फुप्फुसातली शिल्लकही लवकर संपते. वाढलेलं बीपी, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांनाही त्रास होतो तो आजार), गरोदरपणातला मधुमेह यांच्याशी स्लीप ॲप्नियाचा संबंध आहे. आणि "तू तर जाड नाहीस" हे कृपा करून नको. बारीक माणसांनाही होतं.

सिझेरियनच्या रात्रीचं सांगते. भूलतज्ज्ञांना आधीच सांगून मशीन सोबत नेलं होतं. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "ऑक्सिजन लावलाय की ताई, ते घरचं राहू दे आता." ऑक्सिजनची नळी मिटलेला घसा उघडत नाही, सीपॅप हवेच्या दाबाने तो उघडा धरतं. त्यात दुखू नये म्हणून मॉर्फिनसारखं औषध दिलेलं, त्याने श्वास आणखी मंदावतो. हे सगळं मला पाठ होतं, पण जीभ जड, कमरेखाली बधिर, आणि बॅग खुर्चीखाली. डोळा लागला आणि बोटावरच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या क्लिपचा अलार्म वाजला. 84 टक्के. नवऱ्याने हलवलं, आकडा चढला. परत डोळा लागला, परत अलार्म. सिस्टरनी क्लिप बदलून पाहिली. शेवटी भूलतज्ज्ञ आल्या, मॉनिटरकडे बघत म्हणाल्या, "हिचं मशीन कुठंय?" मास्क चढला, पट्ट्यात कान मुडपला तो तसाच राहिला, आणि आकडा 95च्या खाली आला नाही.

पण खरं सांगायचं तर मशीन लावूनही शेवटच्या महिन्यात बीपी वाढलंच. मशीन नसतं तर आधीच वाढलं असतं का, कुणी सांगावं? सीपॅपने प्रीएक्लॅम्प्सिया टळतोच, असं डॉक्टरही ठामपणे म्हणत नाहीत. तिसऱ्या महिन्यातली मी लगेच म्हणेल, "मग एवढा खटाटोप कशाला?" तिला सांगते, बसल्या जागी झोप लागायची ती थांबली. ती म्हणते, डाव्या कुशीवर झोपूनही थांबली असती. थोडीफार, असेलही.

बाळंतपणानंतर काहींचं कमी होतं, म्हणून परत स्लीप स्टडी करायला सांगितलीय. केलेली नाही. सध्याची झोपमोड घशामुळे की बाळामुळे, मलाच कळत नाही. मशीन लावतेच आहे. आणि नाही, त्याच्या आवाजाने बाळ उठत नाही. तेही विचारून झालंय तुमचं.